हात पडला!

इंजिनवर काम केलेल्या माणसाच्या अंगातून कोळशाची भुकटी पूर्ण कधीच जात नाही. कितीही साबण लावा, पांढऱ्या पंच्यावर ती थोडी उमटतेच. किस्स्यांचंही तसंच असतं. आपण ते मुद्दाम साठवलेले नसतात, पण कोणी जरा झटकलं की पडायला लागतात.

गेल्या महिन्यात माझी पत्नी यमुना गेली. भेटायला नगरच्या शेडमधली जुनी माणसं आली. भिंतीला टेकून ओळीने बसली. शेडमधली माणसं कामावर फार बोलतात, पण अशा वेळी काय बोलायचं ते त्यांना कोणी शिकवलेलं नसतं. बराच वेळ नुसती पंख्याकडे बघत होती. मग लक्ष्मण, माझा एके काळचा फायरमन, म्हणाला, "काही म्हना, वहिनींसारखा आवाज आख्ख्या लाइनीत कुनाचा न्हवता!"

आणि झालं! एकातून दुसरा किस्सा निघू लागला. शेजारच्या काकू दारात येऊन पाहून गेल्या, की हे घर तेच ना! बहिणीने चहाचा दुसरा फेरा दिला आणि मला हळूच म्हणाली, "दादा, हे सगळं लिहून ठेव."

म्हणून लिहितो आहे.

*

मी नेवाशाच्या शाळामास्तरांचा मुलगा. मॅट्रिक झालो तेव्हा युद्ध चालू होतं आणि रेल्वेला माणसं हवी होती. दादांची, म्हणजे वडिलांची, इच्छा मी कचेरीत टेबलाशी बसावं. माझ्या डोक्यात इंजिन. त्या काळी ड्रायव्हर व्हायचं तर तीन पायऱ्या होत्या. आधी क्लीनर, म्हणजे इंजिन पुसायचं. मग फायरमन, म्हणजे कोळसा मारायचा. मग जमलं तर ड्रायव्हर. पुष्कळजण पहिल्या पायरीवरच म्हातारे व्हायचे.

शेडमध्ये मॅट्रिक झालेला मी एकटाच. पहिल्याच दिवशी माझं नाव पडलं 'भाऊसाहेब'. "भाऊसाहेब, जरा इंजिनाखाली शिरता का? कागद न्हाईत तिथं, पन काळी शाई लई हाय!"

पंधरा दिवसांनी दादा मला भेटायला आले. धोतर, कोट, टोपी, हातात छत्री. मी नुकताच इंजिनाच्या पोटाखालून बाहेर आलो होतो. दादा थेट माझ्यासमोर आले आणि अदबीने म्हणाले, "अहो, इथे आमचा मुलगा कामाला आहे. जरा बोलावता का?"

आता काय करावं? मी म्हणालो, "बोलावतो." मागे जाऊन नळावर तोंड धुतलं, डोक्यावरचं फडकं काढलं आणि परत आलो.

दादांनी मला खालून वरपर्यंत पाहिलं. कसा आहेस, जेवतोस का, सगळं विचारलं. जाताना म्हणाले, "काम जड आहे, पण माणसं चांगली आहेत. मघाशी तो काळा गृहस्थ भेटला ना, तो तुझ्यापेक्षा नम्र होता. त्याच्यापासून शिक काहीतरी!"

*

दादांनी घरी जाऊन काय सांगितलं कोण जाणे, पुढच्या महिन्यात मामा आले. मामा घोडेगावचे. बाजारात बैलांचे सौदे ठरवण्यात त्यांची हयात गेलेली. बैल नुसता चालत आला तरी त्याचं वय, आजार आणि स्वभाव सांगायचे.

"दाव तुझं जनावर," ते म्हणाले.

मी त्यांना शेडमधल्या इंजिनाजवळ नेलं. मामांनी आधी लांबून एक फेरी मारली. मग जवळ जाऊन चाकावर थाप दिली, मागे जाऊन पाहिलं, पुढे येऊन पाहिलं. इंजिन सुस्कारे टाकत उभं होतं. मामांनी त्याच्या पोटाला हात लावला आणि चटका बसून झटकन मागे घेतला.

"अंगात ताप हाय," ते गंभीरपणे म्हणाले. "धाप बी लागलीया. पानी पाजलं का सकाळपासून?"

"पाजलं, मामा. दोन हजार गॅलन."

मामांनी इकडेतिकडे पाहिलं. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "भाच्या, वैरन-पान्याला हे जनावर कुनालाच परवडायचं न्हाई. मालक ईकायला काढील. तू आपली दुसरी सोय बघून ठेव!"

*

यथावकाश मी फायरमन झालो आणि याकोब उस्तादांच्या इंजिनवर माझी नेमणूक झाली. याकोब उस्ताद नगरच्या ख्रिस्ती वस्तीतले. अंगाने बारीक, टक्कल, आणि हात असा हलका की डब्यांना धक्का न लागता गाडी सुटायची. मला जे येतं ते सगळं त्यांचं आहे. ते मला कधी रागावले नाहीत. फक्त विचारायचे, आणि ते रागावण्यापेक्षा वाईट असायचं.

इथे आमची एक पद्धत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. त्या काळचे सिग्नल म्हणजे खांबावर एक लाकडी हात. हात आडवा असला तर थांबायचं. हात खाली पडला की जायचं. वळणावर किंवा भिंतीआड सिग्नल कित्येकदा फक्त फायरमनच्या बाजूने दिसतो. म्हणून फायरमनने ओरडायचं, "हात आडवा!" ड्रायव्हरने तेच परत म्हणायचं, "आडवा!" फायरमनने ओरडायचं, "हात पडला!" ड्रायव्हरने म्हणायचं, "पडला!" दोघांचं जुळल्याशिवाय गाडी हलवायची नाही.

सोपं आहे ना? पण वाफ, चाकं, फावडं, वारा, या सगळ्यावर तो आवाज चढला पाहिजे. आणि मी मास्तरांच्या घरचा. आमच्याकडे मोठ्याने फक्त पाढे म्हणायचे!

पहिल्या दिवशी विळदच्या वळणावर मी म्हणालो, "हात पडला."

उस्तादांचं "पडला!" आलं नाही. ते गाडीचा वेग कमी करू लागले.

"हात पडला."

गाडी थांबली. उस्ताद माझ्याकडे वळले. "भाऊसाहेब, काही म्हनलात का?"

"हात पडलाय, उस्ताद."

"मग सांगायचं न्हाई का? मला वाटलं, तुमी घाट चढायच्या आधी प्रार्थना करताय!"

*

प्रार्थनेवरून उस्तादांचाच किस्सा आठवला. हा मी पाहिलेला नाही, मार्थाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, सांगितलेला आहे. उस्ताद रविवारी कामावरून उतरले की अंघोळ करून तसेच देवळात जायचे. वस्तीत चर्चला देऊळच म्हणतात. शेवटच्या बाकावर बसायचे आणि उपदेश सुरू झाला की त्यांचा डोळा लागायचा.

एका रविवारी पाळकसाहेबांनी शेवटचा आशीर्वाद द्यायला हात पुढे आडवा केला. आशीर्वाद लांबला. हात तसाच आडवा. उस्तादांचा डोळा अर्धवट उघडला, त्यांना तो हात दिसला आणि ते निमूट बसून राहिले. आशीर्वाद संपला. पाळकसाहेबांनी हात खाली सोडला.

"हात पडला!" उस्ताद अख्ख्या देवळाला ऐकू जाईल असे गरजले आणि उभे राहून चालू लागले.

मार्थाबाईंना कुठे तोंड लपवू असं झालं. त्या माफी मागायला गेल्या, तर पाळकसाहेब म्हणाले, "माफी कसली? इतक्या वर्षांत माझ्या हाताकडे लक्ष देणारा हा पहिला माणूस!"

*

पण माझा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. फायरमन म्हणून कायम व्हायला इन्स्पेक्टरची परीक्षा द्यावी लागे, आणि तिथे अडकलेल्याला ड्रायव्हरकीचा दरवाजा बंद. आमचे इन्स्पेक्टर रुस्तमजी साहेब. पारशी, गोरेपान, डोक्यावर कायम सोला हॅट. त्यांनी मला बॉयलर विचारला, ब्रेक विचारले, नियम विचारले. मी मॅट्रिक, धडाधड उत्तरं दिली. मग ते इंजिनवर चढले, आमच्याबरोबर वांबोरीपर्यंत आले आणि उतरताना म्हणाले, "डीकरा, अभ्यास फर्स्ट क्लास. पन तू बोलते तवा इंजिनला पन ऐकू येत नाय. फायरमन बोलला नाय, तर ड्रायव्हर आंधला. सा महिन्याने परत ये. आवाज घेऊन ये."

नापास! फार लागलं ते. दादांना कळवायचं धाडस झालं नाही. कचेरीतल्या टेबलाची गोष्ट ते पुन्हा काढणार, हे ठरलेलं होतं. आणि दुसऱ्यांदा नापास झालो तर तेच खरं ठरणार होतं.

*

त्याच उन्हाळ्यात माझं लग्न झालं. यमुना श्रीगोंद्याकडची. वडिलांचा विहीर-बागायत ऊस. या बांधावरून त्या बांधावरच्या माणसाला हाक मारायची, मध्ये उसाचा फड, अशा ठिकाणी ती वाढलेली. पण घरात आल्यावर तिचा आवाज मी पहिले दोन महिने ऐकलाच नाही. नव्या सुनेने मोठ्याने बोलायचं नसतं, नवऱ्याचं नाव तर घ्यायचंच नसतं. मला बोलावायचं असलं की ती भांड्यावर भांडं आपटायची.

एकदा मी जेवताना उदास बसलेला पाहून तिने कारण विचारलं. मी परीक्षेचं सांगितलं. ती म्हणाली, "येवढंच व्हय? चला विहिरीवर."

रेल्वेच्या चाळीतल्या आमच्या क्वार्टरसमोर मैदान होतं, मैदानापलीकडे विहीर. विहिरीवरून स्टेशनचे गाडी यायचा आणि सुटायचा, दोन्ही सिग्नल दिसायचे, घराच्या दारातून दिसायचे नाहीत. ठरलं असं, की मी विहिरीवर उभं राहून सिग्नल बघून ओरडायचं. तिने दारात उभं राहायचं. ऐकू आलं तरच उत्तर द्यायचं. खोटं उत्तर द्यायचं नाही.

पहिल्या संध्याकाळी मी दहा वेळा ओरडलो. घसा दुखायला लागला. ती आपली शांत उभी. शेवटी तिनेच तोंडाशी हात धरून मला विचारलं, आणि ते मैदान ओलांडून, विहीर ओलांडून मालधक्क्यापर्यंत गेलं असेल:

"अवोऽऽ, सुरू कधी करनार?"

*

रोज संध्याकाळी आमचा हा अभ्यास चालायचा. हळूहळू माझा आवाज मैदानाच्या मध्यापर्यंत पोचला, मग तुळशीपर्यंत, मग दारापर्यंत. एक गोष्ट मात्र तेव्हा माझ्या लक्षात आली नाही. आमचा अभ्यास सगळी चाळ ऐकत होती.

एके दिवशी चाळीच्या टोकाला राहणाऱ्या मार्थाबाई तरातरा आल्या. त्यांच्या घरापर्यंत 'हात' पोचत नव्हता, मग रोज काय ऐकू जात होतं? बाप्याचा आवाज, "आडवा!" बाईचा आवाज, त्याहून मोठा, "आडवा!" मग बाप्याचा, "पडला!" बाईचा, "पडला!"

त्या दारातच कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "यमुने, हे बरं न्हाई हां. भांडन कुनाच्या घरी न्हाई? पन गरीब नवरा घावला म्हनून रोज त्याला आडवा पाडायचा?"

यमुना पदर तोंडाला लावून हसत आत पळाली. मी सगळं समजावून सांगितलं. मार्थाबाईंनी ते ऐकून घेतलं, पण त्यांचा पुरता विश्वास बसला नसावा. कारण रात्री उस्ताद येऊन माझ्या हातावर खोबरेल तेलाची बाटली ठेवून गेले. "मुक्या माराला चांगलं आसतंय," एवढंच म्हणाले!

सहा महिन्यांनी मी रुस्तमजी साहेबांसमोर ओरडलो. साहेबांनी डोक्यावरची हॅट घट्ट धरली आणि मला पास केलं.

*

हा पुढचा हसण्याचा नाही, पण याच्याशिवाय बाकीचे सांगता यायचे नाहीत.

विळदच्या त्याच वळणावर एकदा भर दुपारी मी ओरडलो, "हात आडवा!" उस्तादांनी "आडवा!" म्हणून लगेच ब्रेक लावला. सिग्नलच्या अलीकडे गाडी उभी राहिली. पुढे रुळांवर कामगारांची ढकलगाडी होती, चार माणसं ती उचलून बाजूला घेत होती.

सिग्नल आता सरळ समोर, उस्तादांच्या बाजूनेही स्वच्छ दिसत होता. उस्ताद त्याच्याकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "भाऊसाहेब, हात आता कसा हाय?"

"आडवाच आहे, उस्ताद."

"आडवाच," ते म्हणाले. 

दुसऱ्या दिवशी ते आपणहून रेल्वेच्या डॉक्टरकडे डोळे दाखवायला गेले. कोणी बोलावलं नव्हतं. परत आले ते इंजिनवर चढले नाहीत. त्यांना शेडमध्ये बसून करायचं काम मिळालं. मी भेटायला गेलो तर माझा हात हातात घेऊन म्हणाले, "आवाज कमावलास, लई चांगलं केलंस. त्या दिवशी चार घरं वाचली. माझं इंजिन सुटलं, ते सुटनारच हुतं."

मी त्यांचे कधी आभार मानले नाहीत. आमच्याकडे तसं म्हणायची पद्धत नव्हती. आता ते ऐकायला नाहीत, म्हणून इथे लिहून ठेवतो.

*

यमुनेचं सांगायचं राहिलंच. माझी परीक्षा झाली, तरी तिची सवय सुटली नाही. पाणी काढता काढता तिची नजर सिग्नलांवर असायची. माझी गाडी यायची वेळ झाली, मी दारात बसून बूट बांधत असलो, की विहिरीवरून आवाज यायचा, "हात पडला!" मी बूट बांधता बांधता म्हणायचो, "पडला!" आणि डबा घेऊन निघायचो. नाव न घेता नवऱ्याला चारचौघांत हाक मारायची तिची ही सोय झाली होती. चाळीतल्या बायकांना तिचा हेवा वाटायचा.

आता आमच्या घराला नळ आहे, आणि खिडकीतून सिग्नलही दिसतो. बूट बांधून झाले की मी उठून बघतो.

*

शेवटचा किस्सा लक्ष्मणने घरी भेटायला आला त्या दिवशी सांगितला. मला तो पाठ आहे, तरी मी पुन्हा ऐकला.

स्वातंत्र्य मिळून वर्ष-दीड वर्ष झालं होतं. माझी ड्रायव्हरकीची परीक्षा. नगरहून मालगाडी घेऊन निघायचं, शेजारी रुस्तमजी साहेब उभे. पास झालो तर त्याच दिवसापासून ड्रायव्हर, नाहीतर फावडं पुन्हा हातात. दादा नेवाशाहून येऊन फलाटावर छत्री घेऊन उभे होते. या वेळी त्यांनी मला ओळखलं होतं!

माझा फायरमन लक्ष्मण. सहा फूट उंच, गालावर वळवलेल्या मिशा. मी इंजिनवर चढलो आणि म्हणालो, "लक्ष्मण, आज जरा दणकून ओरड."

लक्ष्मणने माझ्याकडे केविलवाणं पाहिलं. त्याने तोंड उघडलं. आतून नुसती हवा आली.

आदल्या दिवशी त्याच्या गावचा हगामा होता. त्याचा धाकटा भाऊ कुस्तीत उतरला होता, आणि लक्ष्मणने आखाड्याच्या कडेला उभं राहून त्याच्यासाठी घसा फाडला होता. भाऊ जिंकला. लक्ष्मणचा आवाज गेला.

काही करायला वेळच नव्हता. साहेब वर चढत होते.

आमची गाडी ज्या रुळावर उभी होती, तिथून सुटायचा सिग्नल मालधक्क्याच्या भिंतीमुळे ड्रायव्हरला दिसायचा नाही, फक्त फायरमनला दिसायचा. साहेब आमच्या दोघांच्या मध्ये, पाठीशी हात बांधून उभे राहिले. मी एक हात वाफेच्या दांड्यावर ठेवून लक्ष्मणच्या तोंडाकडे बघत होतो. लक्ष्मण मान बाहेर काढून सिग्नलकडे बघत होता. त्याच्या कपाळावर घाम होता, आणि तो भट्टीचा नव्हता. त्याच्या बाजूला रुळांपलीकडे तारेचं कुंपण, कुंपणापलीकडे विहीर. विहिरीवर बायका घागरी ठेवून आमची गाडी सुटायची बघत उभ्या होत्या.

मिनिट गेलं. दुसरं गेलं.

लक्ष्मण एकदम ताठ झाला. त्याने छाती भरून घेतली, मान आमच्याकडे वळवली, तोंड मोठं उघडलं.

"हात पडला!"

काय आवाज तो! खणखणीत, स्वच्छ, उसाच्या फडावरून जावा तसा. फक्त बाईचा.

मी वाकून लक्ष्मणच्या बाजूने बाहेर पाहिलं. हात खरोखर पडला होता.

"पडला!" मी ओरडलो, आणि दांडा ओढला.

गाडी हलली. डब्यांना धक्का लागला नाही. लक्ष्मणचं तोंड अजून उघडंच होतं. रुस्तमजी साहेबांनी त्याच्या मिशांकडे पाहिलं. मग कुंपणाकडे पाहिलं. मग खिशातून वही काढली, काहीतरी लिहिलं आणि वही परत खिशात ठेवली. 

वांबोरीला उतरताना त्यांनी लक्ष्मणच्या खांद्यावर थोपटलं. मग माझ्याकडे वळून हॅटला हात लावला आणि म्हणाले,

"ड्रायव्हरसाहेब, संध्याकाली घरी गेला का, तुज्या फायरमनला माजा सलाम सांग."